दहा फुटांवर थांबलेला जिराफ

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, शहादा तालुक्यातील एका गावात दुमजली घराच्या भिंतीवर जिराफ रंगवण्याचे काम दहा फुटांवर थांबले. त्या वेळी जिराफाचे चार पाय, पोट, पाठ आणि शेपूट पूर्ण झाली होती. मान आणि डोके बाकी होते.

रंग संपला नव्हता आणि पाऊसही आला नव्हता. दहा फुटांवर घराचा स्लॅब होता. स्लॅबच्या खालचा मजला बाईंचा, म्हणजे जिराफ काढवून घेणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचा, आणि वरचा त्यांच्या धाकट्या दिराचा. भावांच्या वाटणीत हे घर आडवे कापले गेले होते. पुढे बाईंचे यजमान वारले, वाटणी मात्र तशीच राहिली. रंगाऱ्याची शिडी स्लॅबला टेकली तेव्हा दीर गॅलरीत आले. गाव त्यांना आप्पा म्हणे. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि सांगितले,

"पेंटर, आठेलोंग खालनी भीत. वरनी मन्ही."

इथवरची भिंत खालच्यांची, वरची माझी, एवढे बोलून ते आत गेले. रंगारी खापर गावचा होता. दुकानांची शटरे आणि निवडणुकीच्या भिंती रंगवण्यात त्याचे आयुष्य गेले होते, त्यामुळे भिंत कोणाची हा प्रश्न त्याला नवा नव्हता. त्याने ब्रश धुतला, शिडी आडवी केली आणि चहा मागितला.

बाईंच्या पुढच्या खोलीत मी तेव्हा भाड्याने राहत होतो. एका जिल्हा दैनिकासाठी शहाद्याहून बातम्या पाठवणे हे माझे काम होते. प्रकाशा या तीर्थाच्या रस्त्यापासून आत असलेल्या या गावात खोली घेतली ती शांतता मिळेल म्हणून. पहिल्याच रविवारी दुपारी माळ्यावरून काहीतरी प्रचंड वजनाचे जमिनीवर आपटले आणि घर हादरले. बाहेर धावलो तर पडवीत पंधरा-वीस मुले मांडी घालून बसली होती. समोर कापसाने गच्च भरलेले पोते पडले होते. बाई माळ्याच्या शिडीवर, वरच्या पायरीवर उभ्या होत्या. वय सत्तरीच्या जवळ.

"जन्मला," त्यांनी मुलांना सांगितले. "जिराफाची आई उभ्यानंच विते. सहा फुटांचं पिल्लू माणसाएवढ्या उंचीवरून खाली पडतं. लागतं का? नाही लागत. तासाभरात पायावर उभं राहतं." मग माझ्याकडे वळून, "ओ पत्रकार, आलाच आहात तर पोतं उचलून द्या. अजून एकदा जन्माला घालायचं आहे. मागच्यांना दिसलं नाही."

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. नोकरीत असताना त्यांनी सगळे विषय शिकवले. निवृत्तीनंतर त्यांनी ठरवले की एकच शिकवायचे. दर रविवारी आणि जमेल तेव्हा अधल्यामधल्या संध्याकाळी त्या अंगणात वर्ग भरवत आणि त्या वर्गाचा विषय जिराफ हा होता. दुसरा विषय नव्हता. यामागे त्यांची एक भूमिका होती आणि ती त्या कोणालाही, न विचारता, सांगत.

"सगळं थोडं थोडं शिकवलं की पोरांना काहीच येत नाही. एक जनावर पूर्ण शिकवा. बाकीची त्याच्यातूनच निघतात."

प्रत्यक्ष जिराफ त्यांनी कधी पाहिला नव्हता. एका पालकाने हे जरा खोचकपणे विचारले होते. बाईंचे उत्तर असे, की स्वतःचे हृदयही त्यांनी पाहिलेले नाही, पण ते आहे याबद्दल त्यांना शंका नाही. मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयाची सहल काढा, खर्च आम्ही करतो, असे गावातल्या काहींनी सुचवले. बाईंनी नकार दिला. तिथे मुले आइस्क्रीम पाहतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

त्यांची शिकवण्याची साधने घरातली आणि शेतातली होती. जिराफाचे हृदय समजावताना त्या मुलांना विहिरीवरच्या मोटारीजवळ उभे करत. "पाणी पाटात सोडायचं असेल तर लहान मोटार चालते. गच्चीवरच्या टाकीत चढवायचं असेल तर?" मुले म्हणत, मोठी. "जिराफाचं डोकं म्हणजे गच्चीवरची टाकी. म्हणून त्याचं हृदय मोठं, दहा-अकरा किलोचं. म्हणून त्याच्या रक्ताचा दाब आपल्या दुप्पट. तुम्हाला एवढा दाब असता तर तुम्हाला शहाद्याला नेऊन भरती केलं असतं. तो मजेत पाला खातो." पायांतले रक्त खाली साचत का नाही, हे सांगण्यासाठी त्या आपल्या गुडघ्याला बांधलेला घट्ट पट्टा दाखवत. जिराफाच्या पायांची कातडी अशीच घट्ट असते. पट्टा डॉक्टरांनी संधिवातासाठी दिला होता.

चालण्याचा धडा रस्त्यावर होई. जिराफ चालताना एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. उन्हाळ्याच्या तोंडाला कच्छकडचे मेंढपाळ उंट घेऊन या भागातून जातात. उंटाची चाल तीच. बाई त्यांना गावाबाहेर थांबवत आणि मुलांना दाखवण्यासाठी उंट पुन्हा मागे नेऊन चालवायला लावत. मेंढपाळ ऐकत. उंट ऐकत नसत. उंट नसतील त्या दिवसांत मुले दोन-दोनच्या जोडीने, पुढच्याच्या कमरेला धरून, डावे-डावे आणि उजवे-उजवे करत दूध डेअरीपर्यंत जात. बाई सर्वांत पुढे. डेअरीवर ही मिरवणूक आली की लोक कॅन बाजूला सरकवून वाट देत.

माझ्या झोपेचाही त्यांनी अभ्यास केला होता. उशिरा बातम्या पाठवून मी सकाळी उशिरा उठे. बाई दारावर थाप देत. "जिराफ रानात थोडा थोडा करून झोपतो, तोही बहुतेक उभ्यानं. तुम्हाला कोणता वाघ खाणार आहे म्हणून एवढं लपून झोपता?" या वाक्यातले तर्कशास्त्र मला शेवटपर्यंत समजले नाही. जिराफाच्या देशात वाघ नसतो, सिंह असतो, हे सांगितल्यावर त्यांनी दुरुस्ती मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी सिंहाचे नाव घेऊन उठवले.

त्यांच्यात एक गुण होता, जो वृत्तपत्रात कमी आढळतो. जे नक्की नाही ते त्या नक्की म्हणून सांगत नसत. जिराफाची जीभ हातभर लांब आणि जांभळ्या-काळ्या रंगाची असते, हे त्या ठामपणे सांगत. ती काळी का, यावर म्हणत, "उन्हानं भाजू नये म्हणून, असं सांगतात. खात्री नाही." मुले उत्तरपत्रिकेत लिहावे तसे तेही पाठ करत. खात्री नाही, असे वीस मुले एका सुरात म्हणत.

या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले गावातली नव्हती. घराशेजारच्या मोकळ्या जागेत दरवर्षी ऊसतोड टोळीच्या पाचटाच्या झोपड्या उभ्या राहत. टोळी डोंगरातल्या धडगावकडची. दिवाळीनंतर येई, कारखाना बंद झाला की होळीआधी परत जाई. सातपुड्यात होळी चुकवत नाहीत. मुले आपसांत डोंगरातली पावरी बोली बोलत, बाईंशी शाळेची मराठी आणि गावातल्या मुलांशी भांडताना अहिराणी. बाईंना त्या तिन्ही कळत, पण उत्तर त्या प्रमाण मराठीतच देत. अहिराणी त्या रागासाठी राखून ठेवत.

भिंतीवरचा जिराफ याच मुलांसाठी होता. आदल्या वर्षी बाईंनी पुस्तकातले चित्र दाखवून विचारले होते, जिराफ केवढा असतो. डोंगरातल्या एका मुलीने अंगठा वर केला होता. चित्र तेवढेच होते.

"चूक तिची नाही," बाई मला म्हणाल्या. "पुस्तकात जिराफ आणि उंदीर एकाच मापाचे छापतात. बिबट्या या पोरांनी पाहिलेला आहे, त्याचं माप त्यांना सांगावं लागत नाही. जिराफ कोण दाखवणार? पुढच्या वर्षी मुकादम टोळी इकडे आणेल की गुजरातेत नेईल, कुणाला माहीत. एकदा तरी खऱ्या मापाचा पाहू दे."

खरे माप अठरा फूट. शाळा बैठी होती. गावात अठरा फुटांची सलग, बिनखिडकीची भिंत एकच होती आणि तिचा वरचा अर्धा भाग आप्पांचा होता.

बाई आणि आप्पा यांच्यात बोलणे बंद होते. कारण पन्हाळ. बाईंच्या म्हणण्यानुसार आप्पांनी गच्चीच्या पन्हाळीचे तोंड मुद्दाम त्यांच्या अंगणाकडे फिरवले आणि वर्षाचे उडदाचे पापड भिजवले. आप्पांच्या म्हणण्यानुसार पन्हाळ आधीपासून तिथेच होती आणि पापड मुद्दाम तिच्याखाली वाळत घातले गेले. मी दोन्ही बाजू तपासल्या. पन्हाळ जागेवर आहे. पापडांचा पुरावा उरलेला नाही.

बोलणे बंद असले तरी संवाद बंद नव्हता. तो म्हशीमार्फत चाले. म्हैस बाईंची, पण गोठा गॅलरीच्या बरोबर खाली. टाकी भरून वाहू लागली की बाई म्हशीला सांगत, "काही लोकस्ले टाकी भरनी तरी मोटार बंद करता येत नई." वरून उत्तर येई, तेही म्हशीलाच. "सांगी दे, मोटार मन्ही शे, लाईट मन्ही शे." म्हैस रवंथ करत राही. वर्गात याचाही उपयोग झाला. जिराफ मुका असतो असे लोक समजतात, ते चूक आहे, असे बाई शिकवत. तो अगदी खालच्या सुरात आवाज काढतो. "मुका नाही. कमी बोलतो. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशीच बोलतो." त्यावर मोठी मुले वर गॅलरीकडे पाहत आणि बाई त्यांना पुढे पाहायला सांगत.

रंगाऱ्याशी बाईंचे पहिल्याच दिवशी वाजले होते. त्याने खुरांपासून सुरुवात केली, कारण जनावर पायावर उभे राहते असा बाईंचा आग्रह होता. संध्याकाळी पाहिले तर मागच्या पायाला दावे आणि दाव्याच्या टोकाला खुंटा.

"हे काय?"

"बाई, मोकाट जनावर भिंतीवर बरं नाही. लोक म्हणतील कोणाचं सुटलं."

"ते आफ्रिकेत असतं. तिथं त्याला कोणी बांधत नाही."

"भिंत तर इथली आहे ना, बाई."

दावे पुसायला लावले. ते उन्हात नीट पाहिले तर पायाजवळ अजून दिसते. पोटाखालचा भाग मात्र रंगाऱ्याने गावाचा विचार करून सपाट ठेवला होता आणि त्याबद्दल बाईंनीही काही म्हटले नाही. जिराफ नर आहे हे त्या तोंडी सांगत.

तर हा जिराफ दिवाळीनंतर दहा फुटांवर थांबला. डोके नसलेले, ठिपक्याठिपक्यांचे, चार खांबांवर ठेवलेल्या पेटीसारखे जनावर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. प्रकाशाला दर्शनाला जाणारे लोक गाडी थांबवून विचारत. कोणी सांगे बैल, कोणी सांगे सोफा. पानटपरीवर त्याला 'बाईनी खाट' म्हणू लागले.

मी त्यावर चार ओळींची बातमी पाठवली. बातमी नेमकी होती. मथळा कार्यालयात दिला गेला. तो होता : 'गावात बिनडोक जिराफ'. बाईंनी पेपर वाचला, घडी घातली आणि माझा सकाळचा चहा बंद केला. खुलासा छापून येईपर्यंत तो बंदच राहिला. खुलासा त्यांनीच सांगितला आणि तो शब्दशः छापला गेला. सदर जिराफ बिनडोक नसून त्याचे डोके प्रलंबित आहे, असा तो मजकूर होता.

बाईंनी आणखी एक नियम केला. भिंतीवर जेवढा जिराफ आहे तेवढाच शिकवायचा. स्लॅबच्या वरचे काहीही नाही. त्या हिवाळ्यात वर्गाने खूर, गुडघे, चार कप्प्यांचे पोट, शेपटीचा झुपका, कातडीवरचे ठिपके हे सगळे केले. कोणत्याही दोन जिराफांचे ठिपके सारखे नसतात आणि प्रत्येक ठिपक्याखालच्या रक्तवाहिन्यांतून अंगातली उष्णता बाहेर पडते, हे मुलांना येत होते. मानेबद्दल कोणी विचारले की बाई म्हणत, "ती झाली की."

"कधी होईल, बाई?"

"तुम्ही घरी जाण्याआधी."

हे वचन त्यांनी मुलांना दिले होते, आप्पांना न विचारता. विचारायला त्या तयार नव्हत्या. मी मध्यस्थी करू का, असे एकदा सुचवले. "भीत मागाले मी वर जाऊ?" त्या अहिराणीत बोलल्या, तेव्हा विषय सोडला. आप्पांकडेही गेलो. आप्पा खुर्चीत बसून पायाला तेल लावत होते. म्हणाले, "मी कोठे नई म्हनी ऱ्हायनू? तिनी येवो, सांगो. तोंड शे ना तिले." मग, "जनावरले नई शे, ते अलग."

माघात कारखान्याचा हंगाम संपत आल्याची चर्चा सुरू झाली. आप्पांचा उसाचा फड शेवटी तोडला जात होता. मुकादमाने झोपड्यांत सांगितले की फड संपला की गाडी येईल. चार दिवसांचे काम उरले होते. त्या संध्याकाळी बाई भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी, रविवार नसताना, त्यांनी वर्ग बोलावला आणि स्वतःचा नियम मोडला.

वरच्या मजल्याचा जिना घराबाहेरून होता आणि वाटणीत तो आप्पांकडे गेला होता. बाईंनी त्या जिन्याच्या एकेका पायरीवर एकेक मुलगा किंवा मुलगी बसवली. सात. आठव्या पायरीवर धडगावकडची तीच मुलगी, जिने अंगठा दाखवला होता. तिने दोन बोटे डोक्यावर शिंगांसारखी धरली होती. बाई खाली अंगणात. आप्पा फडाकडे जायला निघाले आणि दारातच अडले.

"हाई काय शे?"

"डोकं," मुलगी म्हणाली.

"कोनं?"

"जिराफाचं."

"आनि या?"

"मणके."

आप्पांनी खाली पाहिले. बाईंनी वर पाहिले नाही. त्यांनी मुलांना विचारले, "माणसाच्या मानेत मणके किती?"

"सात."

"जिराफाच्या?"

"सात."

आप्पांनी हात मानेमागे नेला आणि बोटांनी चाचपले. मग त्यांनी सर्वांत जवळच्या मुलीला विचारले, "म्हैसले?"

मुलीने खाली बाईंकडे पाहिले. "सांग, सात," बाई म्हणाल्या.

"सात."

"उंटले?"

"सात."

"उंदीरले?"

"सांग, त्यालाही सात."

"मंग यान्हीच कशी लांब?"

"त्यांना सांगा," बाई म्हणाल्या, "मणके तेवढेच. एकेक मणका लांब. वीतभराहून मोठा."

निरोप सात तोंडांतून वर गेला. आप्पांनी तो ऐकून घेतला. "डॉक्टर सांगस, मन्हा पाचवा घसाई गया," ते म्हणाले. हे कोणाला सांगितले हे स्पष्ट नव्हते. म्हैस तिथून दिसत नव्हती.

"त्यांना सांगा, दिवसभर गॅलरीतून खाली वाकून पाहिलं की झिजतो."

हा निरोप वर गेला नाही. मुले हसत होती. आप्पा जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. जिन्यावरची मान हलेना. शेवटी ते मागे फिरले, खुर्ची आणून दारात बसले आणि वर्ग संपेपर्यंत बसून राहिले. त्या दिवशी फडावर ते दुपारी गेले.

संध्याकाळी मोटारसायकल लावत असताना त्यांनी मला वरून हाक मारली.

"पत्रकार, तुन्हा पेंटरले सांग, गच्चीनी चावी दारमांगे खुंटीले शे." मग, "मी काही म्हनेल नई."

रंगारी खापरहून तिसऱ्या दिवशी आला. मधल्या काळात तो एका लग्नघराच्या भिंतीवर गणपती काढत होता. वरचे काम शिडीने होणारे नव्हते. त्याने गच्चीवरून दोराने फळी सोडली. फळी वरून खाली येते, त्यामुळे या वेळी काम डोक्यापासून सुरू झाले. आप्पा गच्चीच्या कठड्याशी उभे राहून त्याला काहीबाही सांगताना दिसत होते. काय सांगत होते ते खाली ऐकू येत नव्हते. बाई गोठ्यात होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. पाहिले असते तरी उपयोग नव्हता. मोतीबिंदूचे ऑपरेशन त्या पुढे ढकलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. भिंतीवर त्या वेळी वर डोके, खाली धड आणि मध्ये नुसता चुना होता.

झोपड्या मोडल्या गेल्या. भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्यांची टोपली असे सामान चढू लागले. बाई रस्त्यात आल्या आणि मुकादमाला म्हणाल्या, मान झाल्याशिवाय गाडी जाणार नाही. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने घड्याळ दाखवले. "बाई, घाटमा रात पडी जाई. पोरे-बाया शेतस गाडीवर." ड्रायव्हरने इंजिन सुरू केले. रंगारी फळीवरून ओरडला की मान ही ओढूनताणून होणारी गोष्ट नाही, ठिपके आहेत.

तेवढ्यात आप्पांचा ट्रॅक्टर गोठ्यामागून निघाला, गल्लीच्या तोंडाशी आला आणि रस्त्यावर आडवा उभा राहिला. आप्पा उतरले. त्यांनी बादली आणली, पाइप जोडला आणि ट्रॅक्टर धुवायला घेतला.

"आप्पा, बाजूले ल्या ना," मुकादम म्हणाला.

"धोई ऱ्हायनू."

"नंतर धोवा ना."

"आते चिखल वल्ला शे. नंतर वाळी जास."

फाल्गुनात चिखल नव्हता. आप्पांनी ट्रॅक्टर त्याआधी कधी स्वतः धुतल्याचे कोणाला आठवत नाही. त्यांनी पुढची चाके धुतली, मागची धुतली, बॉनेट उघडले, पुसले, लावले आणि पुन्हा पुढच्या चाकांपाशी आले. ड्रायव्हरने इंजिन बंद केले. टोळीतल्या बायका भिंतीच्या सावलीत बसल्या. बाईंच्या घरातून चहा आला. तो आप्पांनाही गेला, एका मुलाच्या हातून.

रंगाऱ्याने फळी उतरवत आणली. मुले तोवर सामानावर, ट्रकच्या अगदी वर जाऊन बसली होती. तिथून त्यांचे डोळे जिराफाच्या डोळ्यांच्या फार खाली नव्हते. शेवटचा ठिपका स्लॅबच्या रेघेवर आला आणि वरचा रंग खालच्या रंगाला मिळाला. वरचा थोडा गडद आहे. तो चार महिन्यांनी आणलेला नवा डबा होता.

बाई भिंतीकडे पाठ करून रस्त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि मान वर करून ट्रकला शिकवू लागल्या.

"आता ऐका. पाणी प्यायला हा वाकतो तेव्हा पुढचे पाय फाकवतो, कारण मान एवढी असूनही जमिनीला पुरत नाही. वाकल्यावर सगळं रक्त डोक्यात का जात नाही? मोटारीच्या पाइपाला उलट पाणी येऊ नये म्हणून काय बसवतात?"

"वॉल्व," गावातली मुले खालून म्हणाली.

"याच्या मानेतल्या शिरांना तशाच झडपा असतात. रवंथ करताना घास पोटातून एवढी मान चढून वर येतो आणि चावून झाला की पुन्हा खाली जातो. जवळून पाहिलं तर तो जाताना दिसतो. मणके किती?"

"सात."

"आता शिंगं. दोन आहेत. गाईसारखी नाहीत, कातडीनं झाकलेली असतात. नर आपसांत भांडताना मान फिरवून एकमेकांना डोकं मारतात, म्हणून त्यांच्या शिंगांची टोकं घासून टकली होतात. मादीच्या टोकांना केसांचे गोंडे राहतात. आपला हा नर. टोकं बघा, टकली आहेत."

मुलांनी टोके पाहिली. मग डोंगरातली मुलगी म्हणाली, "नाहीत, बाई."

"काय नाहीत?"

"टकली नाहीत. गोंडे आहेत. काळे."

बाई वळल्या. चष्मा लावला, काढला, पदराने पुसून पुन्हा लावला. रंगारी फळीवर बसून दोर सोडवत होता. त्याने आपणहून सांगितले, "आप्पांनी लावायला सांगितले. म्हणाले, पोळ्याला बैलाच्या शिंगांना गोंडे बांधतो, याची उघडी कशी ठेवायची."

बाई ट्रॅक्टरकडे गेल्या. आप्पा पाइप हातात धरून उभे होते. पाणी चालू होते.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "नर व्हता तो. मादी व्हई गई."

आप्पांनी भिंतीकडे पाहिले. मग पाइप खाली ठेवला.

"मंग पिल्लू काढा खाल, वैनी. तठे जागा तुम्हनीच शे."

"मादी अठरा फूट नई ऱ्हास."

"पिल्लू दिसनं का मंग कोन मोजस?"

आप्पांनी ट्रॅक्टर बाजूला घेतला. ट्रक गल्लीतून बाहेर पडला आणि शहाद्याच्या रस्त्याला लागला. वर बसलेली मुले वळणापर्यंत मागे तोंड करून बसली होती.

त्यानंतर दोन महिन्यांनी माझी बदली झाली. पुढच्या दिवाळीनंतर गावात गेलो तेव्हा स्लॅबच्या खाली, मोठ्या जिराफाच्या पुढच्या पायांशी, पिल्लू रंगवलेले होते. टोळी आली होती, तीच. मुलांनी बाईंकडून टेप मागून घेतला आणि पिल्लू खुरापासून डोक्यापर्यंत मोजले. सहा फुटांना दोन बोटे कमी भरली.